केबलला लागली थंडी!

"थंडीचं मला सांगू नका! पस्तीस वर्षं थंडी माझ्या हाताखाली कामाला होती!"

बर्फमास्तर हे वाक्य दर हिवाळ्यात किमान पन्नास वेळा म्हणत. बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक म्हणून त्यांची हयात गेली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी घरातला फ्रिज जरा कुरकुरला की ते डॉक्टरसारखे त्याच्या छातीला कान लावत. हे वाक्य सुरू झालं की त्यांचा मुलगा गुपचूप चपला शोधायला लागे आणि बायको कुकरची शिट्टी होण्याची वाट बघे.

पण यंदा दुखणं फ्रिजचं नव्हतं, इंटरनेटचं होतं. कडाक्याची थंडी पडल्यापासून घरातलं केबलचं इंटरनेट रोज सकाळी मान टाकायचं आणि दुपारी गॅलरीत ऊन आलं की आपोआप शुद्धीवर यायचं. एरवी कोणाचं काही अडलं नसतं. पण सुनेची मुलाखत होती! मुलगी लहान म्हणून ती तीन वर्षं घरी बसली होती. आता नकाशे तयार करणाऱ्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं. काम घरून करायचं, मुलाखतही घरूनच द्यायची. पहिल्या खेपेला "माझी जमेची बाजू म्हणजे..." एवढं बोलून ती पडद्यावर उघड्या तोंडाने जी थिजली, ती पुढची वीस मिनिटं तशीच! कंपनीने गुरुवारी सकाळी साडेनऊची दुसरी वेळ दिली आणि कळवलं, की यानंतर तिसरी मिळणार नाही. मोबाइलवर भागवावं म्हटलं, तर रेंज फक्त जिन्यात, कचऱ्याच्या डब्याशेजारी.

सून रडकुंडीला आली. "बाबा, ही संधी हुकली तर मला पुन्हा कोण विचारणार?"

"हुकते कशी? मी आहे ना!" मास्तरांनी बाह्या सरसावल्या आणि केबल कंपनीच्या तक्रार विभागाला फोन लावला.

"आमच्या केबलला थंडी बाधते," मास्तर म्हणाले.

"सर, मोडेम बंद करून पुन्हा चालू करा," पलीकडून मंजुळ आवाज आला.

"अहो ताई, सर्दी झालेल्या माणसाला झोपवून उठवलं की सर्दी जाते का?"

"सर, आपली तक्रार नोंदवली आहे. शनिवारी आमचा माणूस येईल."

"मुलाखत गुरुवारी आहे!"

"सर, आणखी काही मदत करू शकते का?"

मास्तरांनी फोन ठेवला तो दात खाऊनच. मग गॅलरीत जाऊन त्यांनी केबलची नाडी तपासली. खांबावरून आलेली केबल बैठकीच्या खिडकीजवळ, भिंतीवर डोक्याच्याही वर, एका पितळी जोडात शिरत होती. मास्तरांनी तो जोड दोन मिनिटं निरखला आणि निकाल दिला.

"थंडीत धातू आकसतो. जोड ढिला पडतो. उन्हात फुगतो, पुन्हा घट्ट बसतो. सोपं आहे!"

आणि गंमत म्हणजे, निदान शंभर टक्के बरोबर होतं! घोळ झाला तो उपचारात. मास्तरांच्या कारखान्यात थंडीवर एकच इलाज होता: गुंडाळा! पाइप गुंडाळा, नळ गुंडाळा, कामगार गुंडाळा! बुधवारी संध्याकाळी त्यांनी मुलाचा मफलर, स्वतःची कानटोपी आणि बायकोची लोकरी शाल गोळा केली.

"अहो, माझी शाल का?"

"एक शाल मोठी की सुनेचं नशीब मोठं?"

बायकोने खांद्यावरची शाल काढून दिली. रात्रीपर्यंत भिंतीवर एक जाडजूड गाठोडं लटकू लागलं. वरच्या टोकाला मास्तरांनी कानटोपी चढवली. सकाळी समोरच्या घरातल्या बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "तुमच्याकडे पाहुणे आलेत का हो? गॅलरीत कोणीतरी भिंतीकडे तोंड करून उभं आहे."

गुरुवारी पारा तीनवर! नुसत्या शालीने भागणार नाही हे ओळखून मास्तरांनी गरम पाण्याची पिशवी भरली आणि गाठोड्यात बांधली. साडेनऊला सून लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर एक चष्मेवाल्या बाई आणि एक टकले गृहस्थ अवतरले. चित्र आरशासारखं स्वच्छ! मास्तर गॅलरीच्या दारातून बायकोकडे बघून भुवया उडवू लागले.

साडेनऊ वाजून सहा मिनिटांनी पिशवीच्या वजनाने गाठोडं खाली घसरलं. त्याने जोडही ओढला आणि इंटरनेट गेलं!

मास्तर स्टुलावर चढले. मफलर फेकला, शाल फेकली आणि जोड चिमटीत पकडून दाबला.

"आलं!" बायको दारातून ओरडली.

मास्तरांनी खूश होऊन हात सोडला.

"गेलं!"

पुन्हा दाबला. "आलं!" सोडला. "गेलं! अहो, सोडू नका ना!"

मग मास्तर तसेच उभे राहिले. हातमोज्यांत जोड सटकत होता, म्हणून उघड्या बोटांनी. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं.

"तुमच्याकडे सारखं कोण येतंय-जातंय?" टकल्या गृहस्थांनी विचारलं.

"कोणी नाही सर. माझी जमेची बाजू म्हणजे..."

"थांबा!" चष्मेवाल्या बाई एकदम पुढे झुकल्या. "घाबरू नका. मागे वळू नका. तुमच्या खिडकीबाहेर एक माणूस चढलाय!"

सून वळली. काचेपलीकडे मास्तर, हात वर, नाक लालभडक.

"ते माझे सासरे आहेत."

"मग आत घ्या ना त्यांना! एवढ्या थंडीत?"

"नाही घेता येणार, मॅडम! ते आत आले की मी गेले!"

चष्मेवाल्या बाईंचा आवाज मऊ झाला. "हे बघा, घराघरात वाद असतात. पण म्हाताऱ्या माणसाला असं बाहेर काढणं..."

"मी स्वतःच्या मर्जीने उभा आहे!" मास्तर बाहेरून ओरडले. पण दात असे वाजत होते, की कोणीतरी दमदाटी करून वदवून घेतंय असंच वाटावं.

सुनेला सावरून घ्यायला सासूबाई धावत कॅमेऱ्यासमोर आल्या. "अहो, काळजी करू नका! यांना सवय आहे! पस्तीस वर्षं बर्फातच ठेवलं होतं!"

टकल्या गृहस्थांनी फोन उचलला. पोलिसांना लावत होते की काय कोण जाणे!

सुनेने डोळे मिटून एक श्वास घेतला. "सर, नमुना म्हणून तुम्ही मला एक नकाशा काढायला सांगणार होतात ना? आत्ता काढते. दहा मिनिटं द्या."

तिने पडद्यावर रेघा ओढायला सुरुवात केली. खांब, खांबापासून आलेली केबल, गॅलरी, खिडकी. उत्तर दिशा. प्रमाण. सावली कुठपर्यंत येते आणि ऊन किती वाजता पोचतं, तेही. जोडाच्या जागी तिने एक लाल ठिपका काढला आणि खाली सूचीत लिहिलं: "सासरे (तात्पुरती व्यवस्था)."

आधी चष्मेवाल्या बाई हसल्या. मग टकल्या गृहस्थांनी फोन ठेवला, नकाशा मोठा करून पाहिला आणि प्रश्नांवर प्रश्न विचारले. सुनेची गाडी आता सुसाट सुटली होती. तिचा खणखणीत आवाज काचेतून ऐकू येत होता आणि मास्तरांना भरून आलं. तीन वर्षांत पोरगी इतकं मोकळं बोललेली त्यांनी ऐकली नव्हती. बोटं बधिर झाली, मग दुखायला लागली, मग आहेत की नाहीत तेच कळेना, पण मास्तरांनी जोड सोडला नाही. पाऊण तास!

खाली उतरले तेव्हा बोटं चिमटीतच अडकली होती. चहाचा कप बायकोने तोंडाशी धरला.

शुक्रवारी दुपारी निवडीचं पत्र आलं. सून मास्तरांच्या पाया पडायला वाकली आणि पडता पडता रडलीच. मग काय विचारता! मास्तर इमारतभर फिरले. ज्याच्या त्याच्या नाकासमोर दोन बोटं धरून म्हणायचे, "नोकरी कोणी दिली? या दोन बोटांनी!" समोरच्या बाईंना तर त्यांनी दोनदा सांगितलं.

शनिवारी केबल कंपनीचा माणूस आला. स्टुलावर चढला, खिशातून पाना काढला, जोडाला अर्धा आटा दिला आणि खाली उतरला.

"थंडीने आकसून ढिला झाला होता. आता नाही जाणार."

"बघा! मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं!" मास्तर सगळ्यांकडे बघून गरजले. "गुरुवारी पाऊण तास बोटांनी दाबून धरला होता मी!"

माणसाने बोटांकडे पाहिलं, मग जोडाकडे, मग पुन्हा बोटांकडे. "काका, पण पाऊण तास कशाला? घरात पाना नव्हता का?"

मास्तर समोरच्या घराची भिंत फार बारकाईने बघू लागले.

"आहेत की," सासूबाई म्हणाल्या. "बेचाळीस आहेत. पलंगाखाली. रोज तेलाच्या फडक्याने पुसतात."