पाच लिटरची चूक

या, अश्शा जवळ बसा. आणि गल्लीत येऊन माझ्या दारावरून परस्पर जाता, ही कुठली रीत हो? आमचा रतननाना पाहिल्याशिवाय धुळ्यातून जायचं नसतं.

नाना तेल मागत फिरायचा. खायला नाही, लेथ मशीनला! आयुष्यभर टर्नर होता. आता स्वतःच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच ॲल्युमिनियमच्या मुठी करतो, कुकरच्या, झाकणांच्या. कोरडं कापलं तर ॲल्युमिनियम वितळून टूलला चिकटतं म्हणे. म्हणून रोज सकाळी वाटी घेऊन दारात हजर. "अक्का, चमचाभर तेल शे का?"

चमचाभर तेलाला तासभर लागायचा. दोनदा चहा व्हायचा, घरातल्या बठ्ठ्यांची, लहानथोर सगळ्यांची चौकशी व्हायची.

मी शेंगदाण्याचं घाण्याचं तेल दिलं. दुसऱ्या दिवशी म्हणतो, "अक्का, तुनं तेल चांगलं, पण रातभर ऱ्हायनं का डिंक व्हस." खोबरेल दिलं, ते थंडीत गोठलं. आणि समोरच्या सलमाभाभीनं शिलाई मशीनचं दिलं, तर भर गल्लीत चकचकीत मूठ नाचवत ओरडला, "भाभीनं तेल एक नंबर!"

तेव्हापासून तिच्या ओट्यावर दीड तास, माझ्याकडं पाऊण. घड्याळ लावून पाहायचे मी. खोटं कशाला सांगू, जेवण गोड लागेना.

माझा जावई नरडाण्याला कारखान्यात आहे. त्याच्याकडून लेथचं खास तेल मागवलं, पाच लिटरचा डबा. नानापुढं ठेवला अन् सलमाकडं बघून पदर सावरला. नानानं मूठ कापली. आरशासारखी! पण तो हसला नाही. "आते बठ्ठं भागनं," एवढंच म्हणाला.

आठ दिवस नाना आला नाही. माझ्याकडं नाही, सलमाकडंही नाही. शेवटी तीच विचारायला आली, "अक्का, नाना रूठ गए क्या?"

मी शेडमध्ये गेले. नाना स्टुलावर बसून गार चहा पीत होता. म्हटलं, "का रे, विसरलास का आम्हाला?"

"तेल शे ना अक्का," तो डब्याकडं बघत म्हणाला. "आते काय मांगाले येऊ?"

मला मेलीला तेव्हा कळलं.

"नाना," मी म्हटलं, "काही मागू नको, नुसता ये. उद्याच ये. आणि हे बघ, आधी माझ्याकडं. सलमाकडं नंतर."