कोपरा गोल करताना

"तो कोपरा टोचतोय हो," साहेब म्हणाले.

साहेबांची कॉम्प्युटर गेम बनवायची कंपनी होती आणि टोचणारा कोपरा स्क्रीनवरच्या डोंगराचा होता. डोंगराच्या दोन उभ्या बाजू जिथे मिळत होत्या, त्या वळणावर खेळणाऱ्याचा घोडा हमखास अडायचा आणि कड्याला नाक लावून जागच्या जागी दौडत राहायचा. हा डोंगर ज्याने रचला, त्याला ऑफिसात सगळे 'भूगोल' म्हणत. पोटच्या पोराला वाढवावं तसा त्याने तो डोंगर वाढवला होता. बायको तर म्हणायची, "घरातल्या भिंतीला ओल आलीय, ती दिसत नाही. पण डोंगरावरचं गवत कुठे विरळ झालंय ते बरोब्बर दिसतं."

"दुपारी शाळेची मुलं येणार आहेत खेळून बघायला. त्याआधी जरा गोल करून टाका. किरकोळ काम आहे."

साहेबांनी एखाद्या कामाला किरकोळ म्हटलं की ते दिवसभर पुरायचं, हे भूगोलला ठाऊक होतं. पण नाही म्हणणार कोण?

त्याने स्मूथचा ब्रश घेतला. हा ब्रश जिथे फिरवावा तिथली उंच माती खाली बसते, खोलगट जागा भरून येते आणि कंगोरे मऊ होतात. भूगोलने तो कोपऱ्यावरून हलकेच फिरवला. कोपरा किंचित मऊ झाला. आणखी फिरवला. कोपरा छान गोल झाला. त्याने समाधानाने सेव्ह केलं, आणि पलीकडच्या टेबलावरून किंकाळी आली.

"अहो भूगोल! तुमचा डोंगर माझ्या तळ्यात आलाय!"

ती पाणीवाली. नद्या, तळी, धबधबे तिच्याकडे. नकाशा सगळ्यांचा एकच, त्यामुळे एकाने सेव्ह केलं की दुसऱ्याच्या दारात. कोपऱ्याची माती खाली घसरून पसरली होती आणि अर्धं तळं बुजलं होतं.

"थोडीशीच तर आलीय," भूगोल म्हणाला.

"थोडीशी? माझी बदकं चिखलात उभी आहेत! उचला आधी."

भूगोलने माती उपसली. घाईत जरा जास्तच उपसली गेली. पायथा तळ्याच्या पातळीखाली गेला आणि पाणी वाट काढत थेट शेजारच्या वाडीत घुसलं. आता घरवाला उठला. घरं, कुंपणं, गोठे त्याच्याकडे.

"कोणी सोडलं हे पाणी?"

"मी नाही. खड्डा त्यांचा आहे," पाणीवालीने बोट दाखवलं.

"पाणी तुमचंच ना पण?"

"पाणी उताराकडेच जाणार. उतार कोणी केला?"

सख्ख्या भावांत बांधावरून व्हावं तसं दोघांचं जुंपलं. ते थांबवायला भूगोलने वाडीखालची जमीन उचलून दिली. जमीन उचलली गेली, पण एकाच अंगाने. घर कललं, छप्पर उताराला टेकलं आणि वरच्या अंगाच्या गोठ्यातली शेळी घसरत घसरत छपरावर येऊन अडकली. तिथून ती शांतपणे तिघांकडे बघत राहिली.

"मागे घ्या ना सगळं," घरवाला म्हणाला.

"कुठून मागे घेऊ? मध्ये तुम्ही दोघांनीही सेव्ह केलंय."

भूगोलने डोकं टेबलावर टेकलं. आपण दुसरं काहीतरी शिकायला हवं होतं, असं त्याला मनापासून वाटलं. लोकांच्या दाढ्या करायला शिकलो असतो तरी एवढा विध्वंस झाला नसता. तेवढ्यात दार उघडलं आणि मुलं आत शिरली. मागून साहेब.

"या, या! आता बघा, घोडा कसा झोकात वळतो ते."

घोडा खरंच झोकात वळला. न अडता, न अडखळता. पण त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही. "शेळी! छपरावर शेळी!" मुलं ओरडली. घोडा सोडून सगळी शेळीला पाण्यात पाडायच्या मागे लागली. शेळी घसरायची, धप्पकन खालच्या पाण्यात पडायची, पोहत येऊन पुन्हा छपरावर चढायची. मुलं खुर्चीवरून पडेपर्यंत हसली. जायची वेळ झाली तरी हलेनात.

मुलं गेल्यावर साहेबांनी विचारलं, "हे कोणाचं काम?"

"छप्पर माझं," घरवाला पटकन म्हणाला.

"पाणी माझं," पाणीवाली म्हणाली.

भूगोलनेही घसा खाकरला. "आणि तो उतार..."

"उत्तम! आता खेळ शेळीचाच करायचा. नुसती वाडी आणि तळं." साहेब मागे सरून स्क्रीनकडे बघत राहिले. मग त्यांनी कपाळाला आठी घातली. "पण तो डोंगर मध्ये येतोय हो, शेळी झाकली जाते. काढून टाका तो."

साहेब गेले. पाणीवाली आपली खुर्ची ओढत भूगोलजवळ आली आणि मायेने म्हणाली, "एवढं वाईट नका वाटून घेऊ. जागा रिकामी नाही राहायची. तिथे मी तळं वाढवते."

"वाढवा," भूगोल म्हणाला, आणि त्याने डोंगर सिलेक्ट केला.