गुरूच्या वाटेवरील उलट्या स्वाराची बखर

श्रीसूर्यनारायण प्रसन्न. हें वर्तमान कोणी खरें मानणार नाहीं, न मानो. आम्ही जातीनें हजर होतों, आणि समोर सून द्वारका सुपांत तांदूळ निवडीत हूं म्हणते आहे, तिचे साक्षीनें सांगतों. शके मोजणारा मनुष्य उपजला नव्हता ते सालीं, वैशाख शुद्ध पंचमीस, आकाशींचे राज्यांत सिंहासनीं सूर्यदेव आणि सरदारांत थोर गुरु. त्यांची स्वारी हत्तीवरून बारा वर्षांत गादीस एक फेरा घाली, आणि आडवा येई तो पोटांत जाई. धोंडजी म्हणून कोसभर रुंदीचा एक दगड होता. त्याचा थोरला बंधू मुजऱ्यास पुढें गेला आणि गुरूंनीं तो सबंध गिळिला, ढेकरही दिली नाहीं. धोंडजीनें पुसिलें, "माझा भाऊ?" तेव्हां गुरूंचे अनेक चंद्रांपैकीं एक हुजऱ्या चंद्र म्हणाला, "कोण भाऊ? असे किती जातात. नांवें कोण ध्यानीं ठेवतो?" मग धोंडजीचे मस्तकीं आग पेटली. सगळें आकाश एके दिशेस चालतें, त्यानें घोडें उलटें फिरविलें आणि गुरूंचेच वाटेनें समोरून निघाला, आणि सहा वर्षांनीं गांठ पडली. चोपदार गरजले, "बाजूस हो, चिरडशील." धोंडजी बोलिला, "चिरडा. आधीं माझे भावाचें नांव घ्या." गुरूंनीं मान वळविली नाहीं. धोंडजी हत्तीचे अंगास घासून पार जाहला, आणि मग पुन्हां सहा वर्षें, आणि पुन्हां तोच सवाल, कधीं डावे अंगानें, कधीं उजवे. सूर्यदेवांनीं समजाविलें, "अरे, बाकीचे धोंडे पाहा, गुरूंचे पुढें-मागें झुंडीनें कसे सुखें चालतात." धोंडजी म्हणाला, "त्यांचे भाऊ जिवंत असतील." ऐसे लक्ष फेरे जाहले, राग तिळभर निवला नाहीं. आणि मग एके भेटीस गुरूंनीं हत्ती बैसविला, पायउतार जाहले, पगडी काढून धोंडजीपुढें ठेविली, आणि सर्व चंद्रांदेखत भावाचें नांव घेतलें. धोंडजी ढसढसां रडला, घोडें सुलट केलें, आणि चारचौघांसारखा—

"मामंजी," द्वारकेनं सूप खाली ठेवलं. "नाव काय घेतलं?"

"कोणाचें?"

"भावाचं. तुम्ही हजर होतात ना? मग सांगा."

मामंजींनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"आणि सकाळी पेपरातनं तुम्हीच वाचून दाखवलंत, तो दगड अजून उलटाच फिरतोय म्हणून. खोटं बोलताय. त्या मेल्या गुरूनं नाव घेतलेलंच नाही."

सारांश: नांव घेतलें नाहीं. आम्हांसही ठाऊक नाहीं. धोंडजी उलटाच आहे, इतकें खरें.