जावयाच्या तोंडातला फोड

नाजूक विषयावर बोलावं कसं, हे माझ्याकडून शिकावं! आयाबायांसमोर बोललो तरी एकीचाही पदर तोंडावर जाणार नाही, अशी माझी भाषा! आता हे सांगतानाही थकवा येतो. पण धाड गावच्या त्या बाजारापर्यंत माझी अशीच समजूत होती.

महाराष्ट्र नवा होता, मीही नोकरीत नवा होतो. सरकारी दवाखान्यातला आरोग्य सहायक, अविवाहित, साखरखेर्ड्याची एक सोयरीक जवळजवळ जमलेली. गरमी-परमा या गुप्तरोगांचे रोगी वाढायला लागले तेव्हा डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाजारात भाषण ठोका. आणि हे रोग तोंडावाटेही होतात ते सांगा. लोकांना वाटतं, त्या प्रकारात काही धोका नाही."

"साहेब, फोडून सांगू?"

"सांगावंच लागेल!"

मी नाही सांगितलं. समोर सरपंच गुलाबराव, शेजारी भाजीवाल्या बाया! लक्षणांपर्यंत धीटपणे आलो आणि शेवटी म्हणालो, "हे रोग तोंडावाटेही होतात! बाकी तुम्ही समजदार आहात." टाळ्या पडल्या. समजदार माणसं घरी गेली आणि आपापल्या परीनं समजली.

दुसऱ्या दिवशी हिंमतरावाच्या हॉटेलात फक्त माश्या चहा पीत होत्या. आमच्याकडे चहा एकट्यानं प्यायची रीत नाही. एकानं कप घ्यायचा, दुसऱ्यानं बशी. तीच कपबशी बदनाम झाली! बिडीही एका हातातून दुसऱ्या हातात जाईना.

"सायेब, माह्या धंद्यावर काऊन उठले?" हिंमतराव खेकसला.

मी तोंड उघडणार तोच किसनराव धापा टाकत आले. त्यांच्या मुलीचं, आशाचं साक्षगंध शालिग्रामशी झालं होतं, लग्न अगदी जवळ आलेलं.

"सायेब, मी मेलो! त्या पोराच्या तोंडात फोड हाय! अन् साक्षगंधाले मी त्याच्या कपातला चहा बशीत घेऊन पेलो!"

मागोमाग शालिग्राम, वांग्यांची पाटी डोक्यावर तशीच. "सायेब, तंबाखूत चुना जास्त पडला हो! मामाजी ऐकूनच नाही राह्यले. लग्न मोडतो म्हंतात!"

त्याचे डोळे भरून आले. आशासाठी त्यानं मलकापूरहून आरसा आणून ठेवला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्याच आरशात आता तो फोड पाहत बसायचा. मला फार वाईट वाटलं.

"कपबशीनं होत नाही हा रोग," मी म्हणालो.

"मंग तोंडावाटे कसा होते? घरी चाला, समद्याइले सांगा!" किसनराव म्हणाले.

घरी किसनरावांची बायको वच्छलाबाई, आई सोजराबाई, आणि दाराआड आशा. मी सुरुवात केली, "म्हणजे... अतिशय निकटचा सहवास..."

"आमी मांडीले मांडी लावून बसलो होतो की!" किसनराव किंचाळले.

दमलो मी. शेवटी डोळे मिटून सांगून टाकलं, "शेजेवर एकानं दुसऱ्याच्या गुप्तांगाला तोंड लावलं आणि त्याला रोग असला, तर तोंड लावणाऱ्याच्या तोंडात येतो. तोंडात असला, तर तिकडे जातो. गरमीचा फोड बरेचदा दुखतही नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. चहानं नाही, बिडीनं नाही. झालं!"

बाहेर बकरी ओरडली.

"असं बी करतेत?" सोजराबाईंनी विचारलं.

"करतात, आजी."

"बरं," म्हणून त्या सुपारी कातरू लागल्या.

किसनरावांचा चेहरा उजळला. "म्हंजे मले काईच नाही झालं!" मग तोच चेहरा काळवंडला. "पन मंग या पोरानं काय केलं?"

घ्या! माझ्या ज्ञानानं सासरा तरला, जावई बुडाला!

"चुना, मामाजी! चुना!" शालिग्राम रडकुंडीला आला.

तेवढ्यात दाराआडून आशा म्हणाली, "सायेब म्हंतात तो फोड दुखत नाही. याइचा दुखते का, ते इचारा!"

"लय दुखते!" शालिग्राम इतक्या आनंदानं ओरडला, की मोठ्या आ केलेल्या तोंडातला तो फोड सगळ्या घरानं पाहिला. "मिरची लागली की उड्या मारतो!"

"अन् रगत तपासून घ्या. मंग पुरे ना, बाबा?" आशा म्हणाली.

डॉक्टरसाहेबांनी तोंड पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं. तोवर फोडही बसला. रक्त स्वच्छ निघालं आणि लग्न ठरल्याप्रमाणे लागलं. व्याही-व्याह्यांनी भर मांडवात एकाच कपबशीतून चहा घेतला. मला खरंच बरं वाटलं.

पंगतीत मात्र माझ्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामे. अखेर एकावर नारायणराव येऊन बसले, माझी साखरखेर्ड्याची सोयरीक जमवणारे.

"सायेब, पोरीकडच्याइले किसनरावच्या घरच्या भाषनाची बातमी लागली. ते म्हंतात, पोरगा बिनलग्नाचा, मंग त्याले येवढं बारीक कसं मालूम?"

"पुस्तकात वाचलं हो!"

"मी बी तेच सांगतलं."

"मग?"

नारायणरावांनी बुंदीचा घास घेतला. "म्हंतात, रगत तपासून आना."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी सुई उकळत ठेवली आणि म्हणाले, "विषय फार नाजूकपणे मांडलात हो तुम्ही!"

मी मुकाट्यानं बाही वर केली.