नानांची चूलबंदी

आळीत कोणाच्या कौलांतून धूर निघाला, की आमचे शेजारी नाना न बोलावता त्या स्वयंपाकघरात हजर. कमरेवर हात ठेवून अहिराणीत एकच प्रश्न, "कोनता जमाना शे हाऊ?" म्हणजे, कोणता जमाना आहे हा, अजून चूलच? भाकरी थापणाऱ्या बाईने यावर काय उत्तर द्यावं, तुम्हीच सांगा.

नाना जळगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीत, फिटर. जिनातला लाकडं खाणारा बॉयलर गेला आणि तेलाचं इंजिन आलं. त्याच आठवड्यात नानांनी घरची चूल कुदळीने फोडली आणि घासलेटचा स्टोव्ह आणला. आम्हाला दाखवायला इतका पंप मारला, की अर्धी मिशी जळाली. दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी स्वतःच काढून आले. म्हणाले, "बराबर करी टाकी." पुढे जिनात विजेची मोटर बसली, तर यांनी विजेची शेगडी आणून घरचा फ्यूज तीनदा उडवला. माणूस हटायला तयार नाही.

मी त्यांना चक्रमच समजायचो. मग एकदा आईने सांगितलं. अक्कांचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, एक डोळा गेलाय. धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावलंय, दुसरा वाचवायचा तर धूर नको. मला माझीच लाज वाटली.

पण हिवाळा आला आणि अक्कांना भरीत खावंसं वाटलं. नानांनी वांगी स्टोव्हवर भाजली. अक्कांनी एक घास घेतला आणि ताट बाजूला सरकवलं. कपाशीच्या काड्यांवर न भाजलेलं वांगं खानदेशात कोण खातं?

त्या रविवारी दुपारी आमच्या शेतात धूर दिसला. जाऊन पाहतो तर नाना! डोक्याला रुमाल, डोळे लालभडक, जळत्या काड्यांत वांगी फिरवताहेत. अशी संधी मी सोडतो होय? विचारलं, "नाना, कोनता जमाना शे हाऊ?"

"तुन्ही अक्काना," ते म्हणाले. "धूर मन्हा डोयामां जाऊ दे. तिले फक्त चव पाहिजे."

विहिरीवर तोंड धुऊन, सदरा बदलून, वांगी झाकून ते घरी निघाले. वासाने मीही मागोमाग गेलो. अक्का पोटभर जेवल्या, मग म्हणाल्या, "काड्यावर भाजात का?"

"छे. स्टोव्हवरच. आते सुधरना तो."

अक्का जवळ सरकल्या, उरलेला डोळा बारीक केला आणि नानांच्या नव्याने उगवलेल्या मिशीतली राख पदराने टिपून घेतली.