बहिरा कावळा आणि निळ्या पट्ट्यांची सतरंजी

ओस्मो हाकालाने शनिवारी दुपारी कॉफीचा तिसरा कप रिकामा केला आणि एका बँडची सालटी काढायला घेतली.

हे काम तो अकरा वर्षं इमानेइतबारे करत होता. आठवडाभर फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात बस चालवायची, प्रवाशांशी चकार शब्द बोलायचा नाही आणि तो सगळा साठलेला शब्दसाठा शनिवारी 'बहिरा कावळा' या टोपणनावाने एका संकेतस्थळावर हेवी मेटल संगीताच्या नव्या अल्बमांच्या डोक्यावर ओतायचा. हा कावळा कोण, हे त्याची बायको हेल्वी सोडली तर कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान ओस्मोचा तसा समज होता.

आज तीन अल्बम होते. तुर्कू शहरातल्या एका बँडने चोपन्न मिनिटं विश्वाचा अंत गायला होता. ओस्मोने लिहिलं, 'विश्व अकराव्या मिनिटालाच संपतं, पण गिटारवाल्याला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.' ओउलूच्या बँडने चाळीस व्हायोलिनं गोळा केली होती. 'गायक फार दुःखी आहे. त्याला आधी कुणीतरी खायला द्या.' तिसरा अल्बम इथल्याच 'मुस्तापेल्तो' बँडचा होता, नाव 'नववा हिवाळा'. तिथे मात्र ओस्मोची बोटं अडली.

कारण तो अल्बम त्याला आवडला होता. नुसता आवडला नव्हता, तीन आठवडे डोक्यात ठाण मांडून बसला होता. पण चार वर्षांपूर्वी कावळ्याने एका अल्बमची स्तुती केली होती, तेव्हा तो लेख फारसा कुणी वाचला नव्हता. खाली एकच प्रतिक्रिया आली होती: 'कावळा आजारी आहे का?'

तेवढ्यात खालून आवाज आला. धप्. धप्. धप्-धप्. ओस्मोने गॅलरीतून वाकून पाहिलं. खालच्या मजल्यावरचे लौत्ती अंगणातल्या दांडीवर निळ्या पट्ट्यांची सतरंजी टाकून वेताच्या थापीने झोडपत होते. मे महिना, ऊन पडलेलं, सगळ्या इमारतीच्या सतरंज्या बाहेर. ओस्मो हसला आणि आत येऊन त्याने टंकलं, 'जल्लाद नावाचा यांचा ड्रमवाला निळ्या पट्ट्यांची सतरंजी झोडपावी तसा वाजवतो. आणि इतकं झोडपूनही सतरंजीतली धूळ तशीच राहते.'

हेल्वीने नेहमीप्रमाणे मजकूर तपासला. "अरे, ही तर लौत्तींची सतरंजी."

"मग? असतील शहरात शंभर तसल्या. आणि तो माणूस भूमापन खात्यात आहे, तो कशाला मेटलबद्दल वाचतोय!"

"भूमापन खात्यात आहेत असं त्यांनी सांगितलं तुला?"

"नाही. पण दिसतो तसा."

"अकरा वर्षं दर शनिवारी एका फळीवर उघडेबंब बसता रे तुम्ही दोघं! एकदाही विचारलं नाहीस?"

"सौनात कुणी असलं विचारतं का!" ओस्मो खरोखर दुखावला. त्याने लेख प्रसिद्ध केला आणि टॉवेल शोधायला गेला.

इमारतीच्या तळघरातल्या सौनात, म्हणजे वाफाऱ्याच्या खोलीत, शनिवारी सहा ते सात पुरुषांची पाळी असे. येणारे दोघंच. त्यांचं सगळं संभाषण एवढंच: "टाकू?" "टाका." मग दगडांवर पळीभर पाणी, चर्र आवाज आणि वाफ. फिनलंडने आइस हॉकीचं जगज्जेतेपद जिंकलं तेव्हा लौत्ती "बरं झालं" असं म्हणाले होते. ती एक चैन. पण ओस्मोचे वडील गेले त्या शनिवारी लौत्तींनी "टाकू?" असंही विचारलं नव्हतं. नुसतं हळूच पाणी टाकलं होतं आणि सात वाजून गेले तरी उठले नव्हते. ओस्मो ते विसरला नव्हता. जगात त्याचा एकच मित्र होता आणि त्याचं पहिलं नावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

आज ओस्मो आत गेला तेव्हा लौत्ती आधीच वरच्या फळीवर बसले होते.

"टाकू?" ओस्मोने विचारलं.

"थांबा जरा," लौत्ती म्हणाले. "एक विचारायचं होतं."

अकरा वर्षांत असा प्रसंग आला नव्हता.

"मी एका बँडमध्ये ड्रम वाजवतो," लौत्ती म्हणाले. "तोंडाला चिखल फासून. जल्लाद म्हणतात मला. आज कुणीतरी लिहिलंय, मी सतरंजी झोडपतो म्हणून. बहिरा कावळा. ऐकलंय तुम्ही हे नाव?"

ओस्मोने न विचारता पळीभर पाणी टाकलं. वाफ उसळली. सभ्य माणूस वाफेत बोलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वाफ विरली. "सतरंजीला निळे पट्टे आहेत, असंही लिहिलंय," लौत्ती पुढे म्हणाले. "म्हणजे माणूस जवळपासचाच."

ओस्मोने दोन पळ्या टाकल्या. कानाच्या पाळ्या चटचटू लागल्या. उठून पळावं, तर आधी उठणाऱ्याचं नाक कापलं जातं. आणि आज आधी उठणं म्हणजे तर कबुलीच.

"तुम्ही ऐकता का मेटल?" लौत्तींनी विचारलं.

"मी? छे, छे! मी टँगोवाला माणूस. फक्त टँगो. अकॉर्डियनवरचा."

"अस्सं? मलाही आवडतो टँगो. कुठला आवडतो तुम्हाला?"

ओस्मोला एकाही टँगोचं नाव आठवेना. "नाव नाही आठवत. चाल आठवते."

"मग म्हणा की चाल."

पुन्हा पाणी टाकायला ओस्मोने बादलीत पळी घातली, ती कोरड्या तळावर खडखडली. पाणी संपलं होतं. आता गाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने डोळे मिटले, घाम पुसला आणि डोक्यात जे पहिलं आलं ते गुणगुणायला सुरुवात केली. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीला फळीवर बोटं वाजू लागली. टक्. टक्. टक्-टक्. एक ठोका इकडचा तिकडे नाही. ओस्मोला वाटलं, वा, काय जमलंय! आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण 'नववा हिवाळा'मधलं चौथं गाणं गुणगुणतोय आणि साथीला खुद्द जल्लाद आहे.

तो गप्प झाला. बोटंही थांबली.

"टँगो बरा होता," लौत्ती म्हणाले. "चला, बाहेर बसू."

अंगणातल्या बाकावर दोघं टॉवेल गुंडाळून बसले. अंगातून वाफा निघत होत्या. लौत्तींनी दोन बिअर उघडल्या, एक ओस्मोला दिली. ओस्मोने ती हातात नुसती धरून ठेवली. ही शेवटची, त्याला वाटलं. पुढच्या शनिवारपासून हा माणूस येणार नाही आणि मी एकटाच स्वतःला विचारत बसेन, टाकू का म्हणून.

"मीच तो कावळा," तो म्हणाला.

"माहितीय मला. नऊ वर्षं झाली."

"काय?"

"तू सौनात गुणगुणतोस रे. ज्या शनिवारी जे गुणगुणतोस, त्याच अल्बमला त्याच दिवशी झोडपलेलं असतं. मी बँडमधल्या पोरांना सांगून ठेवलंय, कावळ्याने शिव्या घातल्या की अल्बम विकत घ्यायचा." लौत्तींनी घोट घेतला. "आमचा तू तीन शनिवार गुणगुणतोयस. इतकं आजवर कुणाचंच गुणगुणला नव्हतास."

ओस्मोचा चेहरा सौनात झाला नव्हता इतका लाल झाला. "मग... रागावला नाहीस?"

"ड्रमवरून? नाही. चौथ्या गाण्यात मी जरा मागे पडतोच."

"मग आत एवढी चौकशी कशाला चालवली होतीस?"

लौत्तींनी बाटली खाली ठेवली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "धूळ तशीच राहते, असं लिहिलंयस तू! तासभर झोडपली होती मी ती! माझी सासू वाचते तुझं सदर. तिने फोन करून विचारलं, रायमो, ही आपलीच का रे सतरंजी? काय सांगू मी तिला?"

दांडीवर निळ्या पट्ट्यांची सतरंजी अजून लटकत होती. ओस्मो उठला आणि टॉवेल सावरत त्याने तिच्यावर दोन सणसणीत थापा मारल्या. एक कणही उडाला नाही. रायमोने हाताची घडी घालून ते पाहिलं.

त्याच संध्याकाळी बहिऱ्या कावळ्याने अकरा वर्षांतली पहिली दुरुस्ती छापली: 'आजच्या लेखात सतरंजीबद्दल चुकीचं विधान झालं. सतरंजी स्वच्छ होती. अल्बमही उत्तम आहे.'

पाच मिनिटांत खाली प्रतिक्रिया आली: 'कावळा आजारी आहे का?'

आणि तिच्याखाली लगेच दुसरी, जल्लादाची: 'नाही. सौनात जरा जास्त वेळ बसला होता.'