सहावं बाटिक

प्रास्तोवोचं बोट कापलं ते शहाळ्यावर. त्याच्या बायकोला, लारसला, सातवा महिना लागला होता, दुसऱ्या दिवशी त्याचा समारंभ होता, आणि होणाऱ्या बापाने शहाळ्यावर देवाचं जोडपं कोरायचं असतं. देवीचं नाक काढताना सुरी घसरली. तो जावा बेटावरच्या सोलो शहरात एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा; सुरीशी त्याचं कधीच जमलं नव्हतं.

"आधी आयोडीन लावा," लारस म्हणाली. "नाक राहू दे. बाळ माझं नाक घेऊनच येईल."

त्याने बोटावर आयोडीन ओतलं. बाटलीचं बूच शोधताना तेच ओलं बोट शेजारी समारंभासाठी रचून ठेवलेल्या सात वस्त्रांवर टेकलं. सगळ्यात वर आईचं बाटिक होतं. त्यावरची नक्षी आजीने स्वतः मेणाने काढलेली, आणि प्रास्तोवोच्या वेळी सातव्या महिन्यात आई तेच नेसलेली. कालच तिने ते रिठ्यात धुऊन कडक खळ दिली होती. खळीला आयोडीन लागलं मात्र, काळानिळा डाग उमटला.

"अगं बाई! आईंना सांगा आधी."

"आधी काढतो, मग सांगतो."

हॅलोजनांच्या घरात क्लोरीन थोरलं, आयोडीन धाकटं. थोरला आला की धाकट्याने जागा सोडायची, हे तो दरवर्षी वर्गात शिकवत असे. मोरीतल्या ब्लीचमध्ये क्लोरीन होतंच. त्याने कापसाने थेंबभर लावलं. काळा डाग गेला. पण क्लोरीनला डाग आणि रंग यांतला फरक कळत नाही, त्यामुळे खालचा तपकिरी रंगही गेला. कडा जरा पुसट कराव्यात म्हणून त्याने वर पाणी ओतलं, तर ब्लीच चांगलं ऐसपैस पसरलं.

"भाताच्या ताटाएवढा झाला," लारस म्हणाली. "अजून शिकवा त्याला रसायनशास्त्र."

मग त्याला आठवलं. व्हिटॅमिन सीची एक गोळी पाण्यात विरघळवून लावली असती तर डाग निमूट गेला असता, आणि रंगाला धक्काही लागला नसता. त्याच्या वर्गातली पोरं हा प्रयोग खेळत-खेळत करायची. गोळ्या तर लारसच्या औषधांच्या डब्यातच होत्या. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात क्लोरीनच्या वासाने आई आली. "घरात पोहायचा तलाव कोणी आणलाय?"

त्याने बाटिक पुढे केलं. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने त्या पांढऱ्या जागेवरून नुसता हात फिरवला.

"आई, मी दुसरं आणतो."

"माझ्या आईच्या हातचं कुठून आणशील रे तोवो?" ती म्हणाली. "सावलीत वाळत घाल. उद्या लागणार आहे."

दुसऱ्या दिवशी लारसला फुलांच्या पाण्याने न्हाऊ घातलं आणि एकामागून एक वस्त्रं नेसवायला सुरुवात झाली. रिवाज असा, की सहाही सुंदर बाटिकांना बायकांनी "नाही शोभत!" म्हणायचं, आणि सातव्या साध्या सुती कापडाला "हेच शोभतं!" तुतिक मावशीचा आवाज सगळ्यांत वरचा. पाच वेळा सगळ्या अगदी मनापासून खोटं बोलल्या.

सहावं नेसवलं. पांढरा डाग नेमका पोटावर आला.

तुतिक मावशीने तोंड उघडलं आणि मिटलं. खरं बोलायची वेळ आली, तर एकीच्याही तोंडून शब्द फुटेना. दाराशी उभ्या प्रास्तोवोला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"नाही शोभत," शेवटी आईच म्हणाली, अगदी हळू.

"मला शोभतंय, आई," लारस म्हणाली. "राहू दे ना."

"गप. रिवाज आहे." आईने डोळे पुसले आणि सातवं कापड पुढे केलं. "हेच शोभतं!" बायका सुटल्यासारख्या ओरडल्या. मग रिवाजाप्रमाणे प्रास्तोवोने ते कोरलेलं शहाळं एका घावात बरोबर मधोमध फोडलं. सगळ्यांनी वाहवा केली, त्याला मात्र काही आनंद झाला नाही.

नात झाली. नाक लारसचंच. तिला अंगाशी बांधायला आईने स्वतःहून ते बाटिक मागून घेतलं.

"इतकी वर्षं डाग पडेल म्हणून पेटीत ठेवलं," ती म्हणाली. "आता कशाची भीती?" नातीने तिथल्या तिथे शू केली. "घे तोवो, धू. आणि रिठ्याने, बरं का."

तेव्हापासून तोच ते धुतो. त्या पांढऱ्या जागेवर आला की त्याचा हात आपोआप हळू होतो. तिथे आता जाण्यासारखं काही उरलेलं नाही, तरीही.